चालू करताना डिस्क चेक होतेय किंवा विंडोजच सुरू होत नाहीये? आधी हे वाचा

कॉम्प्युटर चालू केला आणि विंडोज यायच्या ऐवजी काळ्या स्क्रीनवर 'स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह' असं येऊन टक्के सरकायला लागले, की बरेच जण घाबरून पॉवर बटण दाबून ठेवतात आणि साधी अडचण तिथून मोठी होते. आमच्याकडे येणाऱ्या मशीनमध्ये हे इतकं दिसतं की म्हटलं सगळ्यांना एकदा लिहूनच द्यावं. फोनमध्ये याचा फोटो काढून ठेवा, गरज लागेल तेव्हा कॉम्प्युटरवर वाचता येणार नाही.

ही तपासणी मुळात का होते

डिस्कवर काहीतरी लिहिणं चालू असताना लाइट गेली, किंवा मशीन हँग झालं म्हणून तुम्ही बटण दाबून बंद केलं, की ते लिहिणं अर्धवट राहतं आणि विंडोजने त्या ड्राइव्हवर लावलेली एक खूण तशीच राहते, तिला डर्टी बिट म्हणतात. पुढच्या वेळी चालू करताना विंडोज ती खूण बघतं आणि स्वतःहून चेकडिस्क, म्हणजे डिस्क तपासायचा विंडोजचा प्रोग्राम, चालवतं. लाइट गेल्यावर एखाद वेळेस असं झालं तर काळजीचं काही नाही, होऊ द्या, लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा. वेळ मात्र काहीही लागू शकतो. एसएसडीवर पटकन होतं, जुन्या १ टीबीच्या हार्डडिस्कवर काही तास पण जाऊ शकतात, आणि टक्के एकाच आकड्यावर बराच वेळ थांबलेले दिसतात. कॅबिनेटवरचा डिस्कचा छोटा दिवा लुकलुकतोय का बघा, लुकलुकत असेल तर काम चालू आहे, हात लावू नका.

रोजच होत असेल तर

मग गोष्ट वेगळी. सगळ्यात आधी स्क्रीनवर कुठल्या ड्राइव्हचं अक्षर येतंय ते वाचा, कारण सी नसून डी किंवा ई असेल तर कदाचित कायम लावून ठेवलेल्या यूएसबी हार्डडिस्कचीच तपासणी चालू असेल, ती काढून बघा. सी असेल आणि मशीन नीट शटडाउन करूनसुद्धा तपासणी परत परत येत असेल, तर डिस्क थकायला लागली असण्याची शक्यता बरीच आहे. सोबत फाइल उघडायला खूप वेळ लागतोय, मधेच सगळं गोठतंय, हार्डडिस्कमधून टकटक आवाज येतोय, यातलं काही असेल तर शंका आणखी पक्की होते.

आता इथे आमचं सगळ्यात कळकळीचं सांगणं. आधी डेटा बाहेर काढा, मग दुरुस्ती. चेकडिस्क फाइल सिस्टिम नीट करतं, म्हणजे कुठली फाइल कुठे ठेवलीय त्याची नोंदवही. तुमचे फोटो किंवा हिशोबाची एक्सेल शीट वाचवणं हे त्याचं काम नाही. नोंदवही जुळवताना ज्या तुकड्यांचा मालक सापडत नाही ते ड्राइव्हवरच्या 'फाउंड' नावाच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये टाकले जातात, मूळ नाव जातं, आणि त्यातून परत काही मिळेलच असं नाही. आणि इंटरनेटवर बघून लोक चेकडिस्कच्या कमांडला स्लॅश आर लावून जे चालवतात, त्यात डिस्कचा प्रत्येक सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचा प्रत्येक छोटा कप्पा, वाचला जातो, शेवटच्या घटका मोजणाऱ्या डिस्कला एवढा ताण सहन होत नाही आणि ती तिथेच बसते. त्यामुळे डिस्कबद्दल शंका असेल आणि डेटाची दुसरी कॉपी नसेल, तर तपासणी सुरू व्हायच्या आधी जे काही सेकंद मोजले जातात त्यात कुठलीही की दाबून ती टाळा, विंडोजमध्ये शिरा आणि महत्त्वाचं आधी पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर घ्या. टकटक आवाज येत असेल तर तेही करू नका, मशीन बंद ठेवा, कारण प्रत्येक वेळी चालू केल्याने नुकसान वाढतं.

डेटा निघाला की मग डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, डिस्क स्वतःच्या ज्या नोंदी ठेवते त्या ते दाखवतं. हार्डडिस्क असेल तर त्यात 'रीअलोकेटेड सेक्टर' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' या दोन ओळी बघा, रॉ व्हॅल्यूच्या रकान्यात नुसती शून्यं नसून काही आकडा असेल आणि तो वाढत चालला असेल तर डिस्क बदला, विचार करत बसू नका. त्याच यादीत सीआरसी एररचा, म्हणजे डेटा ये-जा करताना झालेल्या चुकांचा, आकडा वाढत असेल तर मात्र बऱ्याचदा डिस्क चांगली असते, तिला मदरबोर्डला जोडणारी साटा केबल सैल किंवा खराब असते. केबल बदलून बघितल्याशिवाय नवीन डिस्क घेऊ नका, कोणी कितीही सांगितलं तरी.

डिस्क ठणठणीत निघाली तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, इंग्रजी अक्षरांत सी एच के डी एस के टाइप करा, जागा सोडून सी आणि कोलन, परत जागा सोडून स्लॅश एफ. पुढच्या स्टार्टला करू का विचारेल, वाय दाबा. आणि मग शटडाउन नाही, रीस्टार्ट करा. फास्ट स्टार्टअप, म्हणजे लवकर चालू व्हायची विंडोजची सोय, चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोज पूर्ण बंद होतच नाही आणि ठरवलेली तपासणी राहून जाते.

विंडोज सुरूच होत नसेल तर

'नो बूटेबल डिव्हाइस' असा मेसेज आला तर आधी लावलेले सगळे पेनड्राइव्ह, कार्ड काढा आणि परत चालू करा, कधी कधी तेवढंच असतं. नाहीतर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, जाऊन डिस्कचं नाव दिसतंय का बघा. दिसत नसेल तर केबल किंवा डिस्क. दिसतंय पण तारीख वेळ चुकलेली आहे, तर मदरबोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी संपली असेल आणि त्यामुळे सेटिंग उडाली असतील. बायोसमधला साटा मोड (मशीन डिस्कशी कसं बोलतं ते सेटिंग) आधी काय होता हे माहीत नसताना बदलू नका, त्याने चांगलं चालणारं विंडोजही निळ्या स्क्रीनवर जातं.

लोगो येऊन गोल गोल फिरत राहत असेल तर लगेच नका, पण अर्धा पाऊण तास थांबूनही काही होत नसेल आणि स्क्रीनवर अपडेट किंवा रिपेअरचा मेसेज नसेल, तर बटण दाबून बंद करून परत चालू करा. लागोपाठ दोन तीनदा सुरू व्हायला जमलं नाही की विंडोज स्वतःच रिपेअरची स्क्रीन आणतं, विंडोज १० आणि ११ मध्ये एफ८ दाबत बसायचा सहसा उपयोग नाही. तिथे अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये स्टार्टअप रिपेअर एकदा चालवा, नाही झालं तर शेवटचं अपडेट अनइन्स्टॉल करून बघा. 'रीसेट'ला मात्र डेटा निघेपर्यंत हात लावू नका.

आणि डेटा इथूनही निघतो बरं का. त्याच स्क्रीनवरून कमांड प्रॉम्प्ट उघडा, नोटपॅड टाइप करून एंटर मारा, फाइल मेनूतून ओपन करा, खाली 'ऑल फाइल्स' निवडा, आणि त्या खिडकीत तुमचं फोल्डर शोधून राइट क्लिक करून कॉपी, मग पेनड्राइव्हवर पेस्ट. कॉपी चालू असताना टक्के वगैरे काही दिसत नाही, मशीन अडकलंय असं वाटतं, थांबून राहा. इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, नेहमीचा सी इथे डी दिसेल, तर आत 'यूजर्स' फोल्डर आहे का बघून खात्री करा.

बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू असेल तर या रिपेअरच्या स्क्रीनवरून काही करताना ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, बहुतेक वेळा ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सेव्ह असते. मशीन चालू आहे तोवर आजच शोधून कागदावर लिहून ठेवा, कारण ती नसेल तर आम्हीच काय, कोणीच तो डेटा उघडू शकत नाही.

मशीन आमच्याकडे आणताना एरर स्क्रीनचा फोटो, चार्जर आणि डेटा घ्यायला एक रिकामी डिस्क सोबत आणा, आणि घरी काय काय करून बघितलंत ते सगळं सांगा, त्यावरून आधी काय करायचं ते ठरतं.