‘किंग ऑफ टोकियो’ नेताय? आधी बदामाचा नियम वाचा

आमच्याकडून सगळ्यात जास्त भाड्याने जाणाऱ्या खेळांत ‘किंग ऑफ टोकियो’ हा राक्षसांच्या मारामारीचा, फाशांचा पटावरचा खेळ आहे, आणि सगळ्यात जास्त फोनही त्याच्यासाठीच येतात. ते बहुतेक रात्री जेवणं आटोपल्यावर येतात आणि प्रश्न ठरलेला असतो: "डाव संपतच नाही हो, खोक्यात काही कमी आहे का?"

खोक्यात काही कमी नसतं. आम्ही उलट एकच विचारतो, पटाच्या मधोमध, टोकियोत बसलेल्या राक्षसाने फाशांवरचे बदाम वापरले का? दहातल्या नऊ वेळा उत्तर हो असतं.

सहा फासे, जास्तीत जास्त तीन फेकी, हवे ते ठेवायचे, उरलेले पुन्हा टाकायचे, हे तुम्हाला ठाऊक आहे. (हिरवे दोन फासे बाजूला राहू द्या. जादा फासा देणारा पत्ता घेतलात तरच ते लागतात.) आधी 20 चांदण्या (म्हणजे गुण) जमवेल किंवा शेवटपर्यंत जिवंत राहील तो जिंकला. गडबड होते ती बदामाशी. बाहेरच्या राक्षसाला एका बदामामागे एक जीव परत मिळतो, 10 च्या वर नाही. टोकियोत असलेल्याला फाशांवरच्या बदामाने एकही जीव परत मिळत नाही.

ही चूक का होते ते आम्हाला कळतं. आपण ल्युडो खेळत मोठे झालो. तिथे पटाच्या मधलं घर म्हणजे सुरक्षित, आत पोचली की सोंगटी सुटली. इथे मधली जागा सगळ्यात धोक्याची आहे. टोकियोत शिरणं म्हणजे पकडापकडीत राज्य येण्यासारखं: तुम्ही एकटे, बाकी सगळे तुमच्यावर. फाशावरचा पंजा म्हणजे मार, एका पंजाला एक जीव. तुमचा पंजा बाहेरच्या प्रत्येकाला लागतो, पण बाहेरच्या प्रत्येकाचा पंजा तुम्हालाच लागतो. फक्त पंजेच जमवायचे ठरवले तर तीन फेकींत सरासरी अडीच पंजे हाती येतात. चौघांच्या डावात बाहेरचे तिघे त्याच हट्टाला पेटले, तर एका फेरीत तुमचे 10 पैकी सात-आठ जीव जाऊ शकतात. त्याच्या बदल्यात आत शिरताना एक चांदणी आणि तुमची पाळी आतच सुरू झाली तर दोन चांदण्या. थांबावं की निघावं, या घालमेलीवर सगळा खेळ उभा आहे. आत बदाम चालू दिले की ती घालमेल संपते. बसलेला उठत नाही आणि कोणी मरत नाही. त्यात पाळीच्या सुरुवातीच्या दोन चांदण्या घ्यायला विसरलात, तर कोणी 20 लाही पोचत नाही. खोक्यावर 30 मिनिटं लिहिलेला डाव मग दोन तास चालतो.

याच्या जोडीचे तीन प्रश्न. टोकियोतून आपल्या पाळीला उठून जाता येतं का? नाही. कोणाचा पंजा लागला तरच बाहेर पडायची मुभा मिळते. मार सोसायचा, मग ठरवायचं, आणि तुम्ही निघालात तर मारणाऱ्याला आत यावंच लागतं. एकाच फेकीत पंजे आणि बदाम दोन्ही आले तर? बाहेर असाल तर आधी बदाम वापरून घ्या, आत शिरणं त्यानंतरचं. आणि आत असताना जीव भरायचा काही मार्गच नाही का? आहे, विजेने विकत घ्यायचे पत्ते. बंदी फाशांवरच्या बदामाला आहे, पत्त्यांना नाही. फाशांवर मिळणाऱ्या विजेचे तीन ठोकळे देऊन घ्यायचा, दोन जीव परत देणारा पत्ता आतही चालतो. म्हणून विजेचे हिरवे ठोकळे साठवत चला.

शनिवार-रविवारी आम्ही टेबल पाऊण तासासाठीच देतो आणि आधी पाच मिनिटं नियम सांगतो. "आम्हाला येतं" म्हणणाऱ्यांनाही सांगतो, त्याचा राग मानू नका. एक डाव लांबला की बाहेर मुलांना घेऊन थांबलेल्या कुटुंबाचा वेळ जातो, आणि त्यांनाही आम्हीच बोलावलेलं असतं. परत आणलेल्या खोक्यातले फासे आणि 66 पत्ते तुमच्यासमोर मोजतो तेही यासाठीच. एक काळा फासा सोफ्याखाली राहिला, तर पुढच्या घरी डावच मांडता येत नाही.

रिचर्ड गारफिल्ड यांचा हा खेळ 2011 चा. आठ वर्षांच्या मुलापासून आजीपर्यंत सगळ्यांना जमतो. पाच-सहा जण असाल तर टोकियो बे ही दुसरी जागाही उघडा. चार उरले की ती बंद करायची. झाकणात आम्ही मराठी नियमांचा एक पानी कागद ठेवला आहे, बदामाचा नियम त्यावर लाल अक्षरात आहे.

दोन-तीन डाव नीट झाले की ‘पॉवर अप’ ही जोड मागून घ्या. तीन बदाम जमले की राक्षसाला त्याचा स्वतःचा खास पत्ता त्यात मिळतो, म्हणून आधी बदाम पक्के हवेत. 2014 चा ‘किंग ऑफ न्यूयॉर्क’ही आमच्याकडे आहे, पण तो थोडा अवघड, पहिल्याच वेळी नेऊ नका. खोकं परत आणाल तेव्हा टोकियोत कोण किती फेऱ्या टिकलं ते सांगा. पुढचा खेळ सुचवायला आम्हाला त्याचा उपयोग होतो.