‘पामेरियन’ म्हणून पाळलेला इंडियन स्पिट्झ

गिरगावच्या चाळीत किंवा बोरिवलीच्या सोसायटीत ऐंशी-नव्वदच्या दशकात जो पांढराशुभ्र, झुपकेदार शेपटीचा ‘पामेरियन’ कुत्रा दिसायचा, तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ जातीचा असायचा. खरा पॉमेरेनियन तेव्हा मुंबईत फार थोड्या घरांत होता. कूळ दोघांचं एकच, जर्मन स्पिट्झचं. इंग्रजांच्या काळात इकडे आलेल्या स्पिट्झमधून आपल्या उन्हाळ्यात तग धरणारी जात घडली. तिकडे पॉमेरेनियन मात्र आकाराने घटत गेला. राणी व्हिक्टोरियाने 1888 साली इटलीहून छोटे पॉमेरेनियन आणले आणि लहान चणीची आवड वाढली.

त्यामुळे वजनावरून फरक लगेच कळतो. पॉमेरेनियन जेमतेम दोन-तीन किलोचा. इंडियन स्पिट्झ लहान चणीचा असला तरी पाच-सात किलोचा, मोठ्या चणीचा बारा किलोच्या पुढे. स्पिट्झचं तोंड लांबट, कान मोठे. पॉमेरेनियनचं तोंड आखूड आणि कान केसांत लपलेले. घोळ होतो तो पिल्लू घेताना. दीड महिन्याची पांढरी पिल्लं जवळपास सारखीच दिसतात आणि स्पिट्झचं पिल्लू पॉमेरेनियनच्या भावात गळ्यात मारलं जातं. म्हणून आधी पिल्लाची आई बघा, जमलं तर बापही. नुसत्या फोटोवर पैसे देऊ नका.

भुंकण्यात दोघेही कमी नाहीत. लिफ्ट थांबली, बेल वाजली, शेजाऱ्यांनी दार उघडलं की सुरू. स्पिट्झचं भुंकणं राखणदाराचं असतं: अनोळखी माणसावर नजर, घरच्यांवर जीव, आणि शिकवलेलं चटकन उचलणारा. पॉमेरेनियन जास्त हट्टी आणि भलताच धीट. खाली उतरला की लॅब्राडॉरच्याही अंगावर जाईल. जीव एवढासा असल्याने हा धीटपणा त्याला महागात पडू शकतो.

जपावंही पॉमेरेनियनलाच जास्त लागतं. सोफ्यावरून सतत उड्या मारू देऊ नका, त्याच्या गुडघ्याची वाटी सरकण्याचा धोका असतो. श्वासनलिका नाजूक म्हणून गळपट्ट्याला दोरी लावून ओढू नका, छातीभोवती बसणारा पट्टा, म्हणजे हार्नेसच घाला. आणि उकडतं म्हणून त्याचे केस मशीनने पार उतरवू नका! कधी कधी ते पुन्हा नीट येतच नाहीत. रोज विंचरायचं आणि मे महिन्यात पंख्याखाली, थंड फरशीवर ठेवायचं. स्पिट्झला आपली हवा बरीच सोसते, पण दुपारच्या तापल्या रस्त्यावर त्यालाही नेऊ नये.

घरात पाच-सहा वर्षांचं मूल असेल तर मी स्पिट्झच सुचवेन. मुलाच्या हातून पॉमेरेनियन निसटला तर त्याचं हाड मोडू शकतं. स्पिट्झ तेवढा नाजूक नाही. शिवाय खेळायला तो थकत नाही. हस्की आणि शिह त्झूच्या हौसेत मुंबईकर या गुणी कुत्र्याला विसरत चाललेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमच्या ओळखीत कुणाकडे स्पिट्झची पिल्लं झाली असतील, तर परदेशी जातीमागे धावण्याआधी एकदा बघून या.