‘सू’ आणि ‘सुडो’: दोन पासवर्डांमागचा इतिहास

फोंड्याच्या प्रयोगशाळेत लिनक्स शिकू लागलेले विद्यार्थी लवकरच एक रास्त प्रश्न विचारतात: रूटचे, म्हणजे यंत्रावर सर्व अधिकार असलेल्या खात्याचे, अधिकार मिळवून देणारी ‘सू’ ही आज्ञा रूटचा पासवर्ड मागते, मग त्याच कामाची ‘सुडो’ आपला स्वतःचा का मागते? या दोन आज्ञा कोणत्या गरजांतून जन्मल्या, हे पाहिल्यावरच त्याचे उत्तर मिळते.

केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत युनिक्सची, म्हणजे लिनक्सने जिचा नमुना गिरवला त्या कार्यप्रणालीची, सुरुवात केली. एकच यंत्र अनेक जण टर्मिनलवरून वापरीत असल्यामुळे प्रत्येक वापरकर्त्याला क्रमांक दिला गेला आणि शून्य क्रमांकाच्या रूटला फाइलींच्या परवानग्यांची आडकाठी राहिली नाही. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेतही ‘सू’ आहे. तेव्हा तिचे काम रूटचे अधिकार मिळवून देण्यापुरतेच होते. कोणत्याही वापरकर्त्याचे रूप घेण्याची सोय १९७९ च्या सातव्या आवृत्तीत दिसते.

या इतिहासातील सर्वांत मोलाची कल्पना मात्र रिची यांच्या ‘सेटयूआयडी’ची, म्हणजे प्रोग्रामच्या फाइलीवर लावायच्या एका खुणेची, आहे, असे मला वाटते. पासवर्डची फाइल रूटच्या मालकीची, पण आपला पासवर्ड बदलण्याचा हक्क प्रत्येकाला हवा. हा पेच त्यांनी असा सोडवला की, ही खूण असलेला प्रोग्राम चालवणाऱ्याच्या नव्हे, तर आपल्या मालकाच्या अधिकाराने चालतो. आपल्याकडे देवस्थानचा मुखत्यार ठरवून दिलेल्या कामापुरता देवस्थानच्या वतीने सही करतो, तसेच काहीसे हे आहे. या कल्पनेसाठी १९७३ मध्ये पेटंटचा अर्ज झाला, ते १९७९ मध्ये मिळाले आणि पुढे सर्वांसाठी खुले करण्यात आले. ‘सू’ स्वतःही याच खुणेवर चालते.

‘सू’ची अडचण व्यवहारातली होती. पाच जणांना रूटचा पासवर्ड ठाऊक असेल, तर एखादी फाइल नेमकी कोणी पुसली हे सांगणे कठीण होते, आणि त्यांपैकी एक जण नोकरी सोडून गेला की उरलेल्या चौघांना नवा पासवर्ड पाठ करावा लागतो. १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथील विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी ‘सुडो’ लिहिली. कोणाला कोणत्या आज्ञा चालवता येतील, हे तिच्या यादीत आधीच लिहिलेले असते. अधिकार तेथेच ठरलेला असल्यामुळे, समोर बसलेली व्यक्ती खरोखर तीच आहे ना, एवढेच तपासायचे उरते. म्हणून ती आपलाच पासवर्ड मागते आणि चालवलेल्या आज्ञेची नावानिशी नोंद ठेवते. १९९४ पासून टॉड मिलर तिची देखभाल करीत आहेत. उबुंटू या लिनक्सच्या लोकप्रिय प्रकाराने २००४ च्या पहिल्याच आवृत्तीत रूटचा पासवर्ड बंद ठेवून ‘सुडो’लाच मुख्य मार्ग केले, त्यामुळे आजच्या विद्यार्थ्यांची गाठ आधी तिच्याशीच पडते.

परंतु ‘सुडो’ही सेटयूआयडीवरच उभी आहे, आणि अशा प्रोग्राममधील चूक थेट रूटपर्यंत पोहोचवते. २०११ मध्ये तिच्यात शिरलेला एक दोष जानेवारी २०२१ मध्ये उघड झाला, तेव्हा यादीत नाव नसलेला साधा वापरकर्ताही त्यातून रूट होऊ शकत होता. त्याआधीच, २०१५ मध्ये, ओपनबीएसडी या युनिक्सच्या घराण्यातील कार्यप्रणालीने ‘डूअ‍ॅज’ ही बरीच आटोपशीर आज्ञा स्वीकारली होती. २०२४ मध्ये सिस्टिमडी या लिनक्सवरील सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्राम-संचाबरोबर आलेल्या ‘रन-झीरो’ या आज्ञेने तर सेटयूआयडीच वगळले असून, रूटचे काम सुरू करून देण्याची जबाबदारी मुळात रूट म्हणूनच चालणाऱ्या सेवा-व्यवस्थापकाकडे सोपवली आहे.