अम्युसियम प्लुरोनेक्टिस

हिंदी महासागराचा पूर्व भाग आणि पश्चिम पॅसिफिक महासागर यांच्या उष्ण, उथळ पाण्यात राहणारा शिंपला. मृदुकाय संघातील शिंपाधारी वर्गाच्या पेक्टिनिडी कुलात त्याचा समावेश होतो. या कुलातल्या प्राण्यांना सर्वसाधारणपणे स्कॅलप म्हणतात. बंगालच्या उपसागरापासून आग्नेय आशियाचे समुद्र, फिलिपीन्स आणि ऑस्ट्रेलियाचा उत्तर किनारा इथपर्यंत ही जाती पसरलेली आहे. कोकणात खाल्ल्या जाणाऱ्या ‘तिसऱ्या’ या शिंपल्या वाळूत रुतून राहतात. हा प्राणी मात्र वाळूवर किंवा मऊ चिखलावर आडवा पडून असतो आणि धोका जाणवताच पोहून निघून जातो.

कवच जवळजवळ गोल, चपटे आणि पातळ असते. मोठ्या शिंपल्याचा व्यास 10 सेंटिमीटरच्या घरात जातो. दोन्ही शिंपांचे रंग वेगळे असतात. वर राहणारी डावी शिंप तांबूस-तपकिरी असून तिच्यावर बिजागरीकडून काठाकडे पसरणाऱ्या गडद अरीय रेषा दिसतात, तर खालची उजवी शिंप पांढरी असते. बहुतेक स्कॅलपांच्या पाठीवर ठळक फासळ्या असतात. इथे बाहेरची बाजू काचेसारखी गुळगुळीत असते, फासळ्या आतून असतात आणि त्याही जोडीजोडीने. रिकामी शिंप उजेडासमोर धरली की बिजागरीपासून काठाकडे जाणाऱ्या या जोड्या पातळ कवचातून स्पष्ट उमटतात. बिजागरीलगतचे दोन ‘कान’ लहान आणि जवळजवळ सारखे असतात. खडकाला चिकटून राहण्यासाठी इतर अनेक स्कॅलप ज्या धाग्यांचा उपयोग करतात, त्यांची प्रौढ प्राण्याला गरज उरत नाही.

ही सगळी ठेवण पोहण्यासाठी आहे. दोन्ही शिंपा मिटणारा एकच जाड स्नायू शरीराच्या मधोमध असतो. त्याचा मोठा भाग झपाट्याने आकुंचन पावतो आणि लहान भाग कवच दीर्घकाळ घट्ट मिटून धरतो. कवच उघडण्याचे काम बिजागरीतली लवचीक गादी करते. ती अ‍ॅबडक्टिन नावाच्या प्रथिनाची बनलेली असून दाबली गेली की पुन्हा उसळते. शिंपा मिटताना आतले पाणी बिजागरीच्या दोन्ही बाजूंनी जोरात बाहेर पडते आणि प्राणी उघड्या काठाच्या दिशेने पुढे झेपावतो. इतर स्कॅलपही अशी फडफड करतात, पण त्यातली बरीचशी धडपड थोडक्यात संपते. अम्युसियम मात्र दोन झेपांच्या मधल्या काळात पातळ तबकडीच्या आधाराने पाण्यात तरंगत सरकतो, म्हणून त्याला सरकणाऱ्या स्कॅलपांत धरतात. प्रावाराच्या, म्हणजे कवचाला आतून लागून असलेल्या मऊ पडद्याच्या, काठावर बारीक डोळ्यांची रांग असते. स्कॅलपांच्या डोळ्यात भिंगामागे ग्वानिनच्या स्फटिकांचा अंतर्वक्र आरसा असतो आणि प्रतिमा त्या आरशामुळे तयार होते. शिंपल्याला अशी दृष्टी असावी हे कितीही वेळा वाचले तरी नवलाचेच वाटते.

कार्ल लिनीयस यांनी 1758 मध्ये ‘सिस्टिमा नॅच्युरी’च्या दहाव्या आवृत्तीत या जातीचे वर्णन केले, तेव्हा तिला ऑस्ट्रेया, म्हणजे कालवांच्या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) ठेवले होते. त्या काळी ऑस्ट्रेया प्रजातीत कालवे आणि स्कॅलप एकत्रच होते. 1798 मध्ये जर्मन अभ्यासक रोडिंग यांनी अम्युसियम ही प्रजाती मांडली. पुढे जिथे जिथे गोल, पातळ, बाहेरून गुळगुळीत आणि आतून फासळ्या असलेला स्कॅलप सापडला, तिथे तिथे तो याच प्रजातीत जाऊ लागला. जपानचा जॅपोनिकम, ऑस्ट्रेलियाचा बॅलॉटी आणि थेट मेक्सिकोच्या आखातातला व कॅरिबियन समुद्रातला पॅपिरेशियम हे सारे अशा प्रकारे अम्युसियम ठरले.

डीएनएच्या तुलनेने ही मांडणी मोडली. सरकत पोहण्याची सवय पेक्टिनिडी कुलात एकाहून अधिक शाखांमध्ये स्वतंत्रपणे आली आहे, आणि त्या सवयीबरोबर तोच चपटा, हलका आकारही आला. आकार सारखा असला तरी नाते वेगळे होते. पॅपिरेशियम युव्होला प्रजातीत गेला. जॅपोनिकम आणि बॅलॉटी यांच्यासाठी 2014 मध्ये आयोवा स्टेट विद्यापीठातील जीन सर्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यलिस्ट्रम ही नवी प्रजाती वर्णिली. प्लुरोनेक्टिस ही अम्युसियमची प्रारूप जाती, म्हणजे जिच्याशी प्रजातीचे नाव कायमचे बांधलेले असते ती जाती, असल्याने ते नाव तिच्याकडेच राहिले. या साऱ्या प्रकरणात जुन्या अभ्यासकांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्या हाती कवच होते आणि त्यांनी ते बारकाईने पाहिले होते. पण जे काम आकाराला घडवते तेच काम आकारावरून नाते ठरवताना दिशाभूल करते, हे या शिंपल्याइतके स्वच्छ दाखवणारी उदाहरणे थोडी आहेत.

नावातला हा बदल मासेमारीच्या नोंदी वाचताना फार महत्त्वाचा ठरतो. फिलिपीन्ससारख्या देशांत प्लुरोनेक्टिस ट्रॉलच्या जाळ्यात सापडतो आणि त्याचा पांढरा स्नायू खाल्ला जातो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड आणि पश्चिमेकडील शार्क बे इथली मोठी स्कॅलप मासेमारी मात्र बॅलॉटीवर उभी राहिली. 2010-11 च्या उन्हाळ्यात पश्चिम ऑस्ट्रेलियाजवळचा समुद्र असाधारण तापला, शार्क बेमधील बॅलॉटीचा साठा कोसळला आणि तिथली मासेमारी काही वर्षे बंद ठेवावी लागली. त्या आधीच्या अहवालांत हाच प्राणी ‘अम्युसियम बॅलॉटी’ म्हणून येतो. म्हणून जुन्या कागदात नुसते ‘अम्युसियम’ दिसले, तर तो अहवाल कुठल्या समुद्राचा आणि कुठल्या जातीचा हे आधी पाहावे लागते. प्रत्यक्ष शिंप हाती असेल तर आतल्या फासळ्या मोजाव्यात. बॅलॉटीत त्या प्लुरोनेक्टिसपेक्षा जास्त असतात.