तार ताणली की बेंजो बोलतो

कोल्हापुरात ‘वरातीला बेंजो सांगितलाय’ एवढं कानावर आलं की पुढचं सगळं आपोआप डोळ्यांसमोर येतं. टेम्पो नाहीतर ट्रॉली, मागे धडधडणारा जनरेटर, टपावर कर्णे, खाली ढोलकी, ताशा, ऑक्टोपॅड, कीबोर्ड आणि या सगळ्या गलक्याच्या वर चढलेली ती झणझणीत सुरावट. राजारामपुरीतलं गणपतीचं आगमन असो की पेठेतल्या एखाद्या घरचं लग्न, बेंजोवाल्याने मुखडा धरला की शब्द गाणारं कुणी लागत नाही. ते रस्त्यावरची माणसंच म्हणतात.

हे वाद्य वाजवणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे. डाव्या हाताची बोटं कळांवर इतक्या वेगाने फिरतात की नजर पोहोचत नाही, आणि तीही तासन् तास, चालत्या गाडीवर. पण ‘मिरवणुकीतलं वाद्य’ म्हणून त्याच्याकडे बारकाईने कुणी पाहत नाही. त्या पेटीत आणि त्या कर्ण्यात भौतिकशास्त्राचा मोठा ऐवज आहे, म्हणून हा लेख.

आधी वाद्याची ओळख. आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंगाचा भाऊ. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर लांबीच्या दिशेने ताणलेल्या पोलादी तारा, तारांखाली धातूचे पडदे आणि वर टाइपरायटरसारख्या कळा. कळ दाबली की तार त्या ठिकाणी पडद्यावर टेकते आणि तेवढ्यापुरती आखूड होते. उजव्या हातातल्या पिकने, म्हणजे छोट्या चपट्या तुकड्याने, तार छेडायची. कळ सोडली की स्प्रिंग तिला वर उचलते. टाइपरायटरची आठवण येते ती उगाच नाही. जपानमधल्या नागोया शहरात मोरिता गोरो यांनी १९१२ मध्ये ‘ताइशोगोतो’ नावाचं वाद्य तयार केलं, त्याच्या कळांची कल्पना टाइपरायटरवरूनच आली होती. तेच वाद्य पुढे आपल्या उपखंडात उतरलं आणि ठिकठिकाणचं होऊन गेलं. बलुचिस्तानात त्याचा मोठ्या आकाराचा ‘बेंजू’ झाला, आपल्याकडे पिकअप, म्हणजे तारेचं हलणं विजेत बदलणारा भाग, बसवून मिरवणुकीचा बेंजो झाला.

अमेरिकेतला बँजो याहून पूर्ण वेगळा. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी मायदेशातल्या तंतुवाद्यांच्या आठवणीवर तो कॅरिबियन बेटांत आणि अमेरिकेत घडवला. त्याचं पोट म्हणजे चक्क कातडं ताणलेलं ढोलकं, त्याला लांब दांडी, आणि कळा नाहीतच. रचनेत एवढं अंतर असूनही दोघांचा आवाज कानाला जवळचा वाटतो: टणक, चमकदार, चटकन उमटणारा. असं का होत असावं?

तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, ताण आणि जाडी, म्हणजे दर सेंटीमीटरला तिचं वजन किती ते. लांबी निम्मी केली की सूर एक सप्तक वर जातो. ५० सेंटीमीटरची मोकळी तार धरली तर पहिला पडदा २.८ सेंटीमीटरवर येतो, कारण प्रत्येक अर्ध्या सुराला उरलेल्या लांबीचा सुमारे अठरावा हिस्सा कमी करावा लागतो. वरचा षड्ज बरोबर २५ सेंटीमीटरवर. म्हणून खालच्या सुरांचे पडदे ऐसपैस आणि वरचे एकमेकांना खेटून असतात. हे गणित सगळ्याच पडद्यांच्या वाद्यांत सारखं आहे.

बेंजोची खरी गंमत ताणात आहे. सूर ताणाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे ताण एक टक्का वाढला तर कंपनसंख्या अर्धा टक्का वाढते. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर हा फरक जवळपास नऊ भागांचा होतो, आणि तयार कानाला तो कळतो. आता जरा हिशेब करू. पाव मिलिमीटर जाडीची पोलादी तार ६० न्यूटन ताणावर लावली, तर ५० सेंटीमीटरच्या लांबीत ती साधारण ३ मिलिमीटरने ताणलेली असते. तिचा ताण आणखी एक टक्का वाढवायला फक्त ०.०३ मिलिमीटर जादा ताणावं लागतं, माणसाच्या केसाच्या निम्म्या जाडीइतकंसुद्धा नाही. कळ जरा जोरात दाबली की तार पडद्यावर वाकते आणि एवढं ताणणं सहज घडतं. नवशिक्या मुलाचा सूर चढा लागतो तो यामुळे. आणि मुरलेला वादक हाच दोष कामाला लावतो. कळेवरचा दाब हलकेच कमी-जास्त करत तो ठाम पडद्यांच्या वाद्यातून सुराला थरथर देतो. सतारीसारखी लांब मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं, इथे शक्य नाही, पण त्या थरथरीने आणि शेजारच्या कळांवरून झरझर घसरत नेलेल्या बोटांनी मींडेचा भास पुरेसा उभा राहतो. लावणीची चाल बेंजोवर ओळखू येते याचं मोठं श्रेय मी या बोटाच्या दाबाला देतो.

तार ताणली जाण्याच्या या बारीकशा गोष्टीवर एका नोबेलविजेत्याने शोधनिबंध लिहिला आहे. डेव्हिड पोलिट्झर हे अमेरिकेतल्या कॅलटेकचे भौतिकशास्त्रज्ञ. अणुकेंद्राच्या आत क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या बलावरच्या कामासाठी त्यांना २००४ मध्ये डेव्हिड ग्रॉस आणि फ्रँक विल्चेक यांच्यासोबत नोबेल मिळालं. ते स्वतः बँजो वाजवतात. बँजोचा आवाज बँजोसारखाच का येतो, हा प्रश्न घेऊन त्यांनी २०१४ मध्ये निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं: अमेरिकन बँजोची घोडी, म्हणजे तारांना खालून आधार देणारी पट्टी, कातड्यावर नुसती उभी असते आणि तार तिच्यावरून कोन करून पलीकडे खाली उतरते. तार छेडली की घोडी कातड्यासकट वरखाली हलते, त्यासरशी तार क्षणोक्षणी किंचित ताणते आणि सैलावते. म्हणजे सूर स्वतःच डोलत असतो, पण इतक्या वेगाने की कानाला डोलणं म्हणून कळत नाही. त्या डोलण्यातून मूळ कंपनसंख्येच्या आजूबाजूला नव्या कंपनसंख्या उमटतात आणि कान त्यांना ‘धातूसारखी झणक’ म्हणून ऐकतो.

याच गणितावर जॉन चाउनिंग यांनी १९६७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एफएम सिंथेसिस, म्हणजे सूर वेगाने डोलवून नवे आवाज घडवण्याची रीत, शोधलं, आणि यामाहाने १९८३ मध्ये डीएक्स-७ हा कीबोर्ड त्यावर बाजारात आणला. घंटा, तारा, धातूचे आवाज त्या कीबोर्डमधून इतके छान निघत ते या वेगवान डोलण्यामुळे.

मग आपल्या बेंजोला हे स्पष्टीकरण जसंच्या तसं लावावं का? मला नाही वाटत. आपल्या बेंजोत कातडं नाही, घोडी लाकडावर घट्ट बसलेली असते, ती एवढी हलणार नाही. आपली झणक अनेक वाटांनी येते. टणक पिकने तार टोकाजवळ छेडली की मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर जास्त उठतात. एकाच सुरात लावलेल्या दोन तारांत एक-दीड कंपनांचा फरक राहिला तर त्यांच्या बेरजेत आवाज सेकंदाला तितक्याच वेळा फुगतो-ओसरतो, आणि सुरावट भरल्यासारखी वाटते. त्यातच पिकअप: चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि गुंडाळीत वीज निर्माण होते. पिकअप तारेच्या कोणत्या जागेखाली आहे त्यावर आवाज गोड की तिखट ते ठरतं. शेवटी अॅम्प्लिफायर. आवाज हवा म्हणून नॉब टोकाला नेला की लाटेची डोकी छाटली जातात आणि तारेत नसलेल्या वरच्या सुरांची त्यात भर पडते. म्हणजे आपण रस्त्यावर ऐकतो तो बेंजो निम्मा तारेचा आणि निम्मा विजेचा असतो.

आणि वर कर्णा. स्पीकरचा पडदा घट्ट आणि जड, हवा विरळ आणि हलकी, त्यामुळे पडद्याची बरीचशी हालचाल हवेपर्यंत पोहोचतच नाही. साधा कोनाचा स्पीकर विजेतली जेमतेम एक-दोन टक्के ऊर्जा आवाजात बदलतो. हळूहळू रुंदावत जाणारी कर्ण्याची नळी पडदा आणि मोकळी हवा यांच्यात पायऱ्या घालून देते, आणि हेच प्रमाण कित्येक पटींनी वाढतं. त्याची किंमत खर्जात मोजावी लागते. छोट्या कर्ण्यातून खालचे सूर बाहेर पडत नाहीत. बेंजोचं त्यात काही बिघडत नाही, कारण त्याचा जीव वरच्या सुरांत आहे, आणि माणसाचा कानही २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यातच सगळ्यात तीक्ष्ण असतो.

रस्त्यावरचं संगीत कोल्हापूरला जुनं आहे. आषाढात त्र्यंबोली देवीला नदीचं नवं पाणी नेताना गल्लोगल्ली पी-ढबाक वाजतो. त्यातली ‘पी’ करणारी नळी पाहा: तोंडाशी पत्ती, पुढे रुंदावत जाणारी पोकळी, टोकाला पसरलेलं तोंड. तोही कर्णाच. घुमक्याच्या ठोक्यांत आणि कैताळाच्या, म्हणजे झांजेच्या, आवाजात चाल पोहोचवायची तर ती उंच आणि टोकदार हवी, हे आपल्या वाजंत्र्यांना विजेच्या कितीतरी आधी माहीत होतं. बेंजोने ती जागा घेतली आणि चाल आणखी लांबवर पोहोचवली.

आता वादकांच्या कानांबद्दल, कारण ही गोष्ट मला फार लागते. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. महाद्वार रोडसारख्या दोन्ही बाजूंनी इमारती असलेल्या रस्त्यावर भिंतींवरून परतणारा आवाज त्यात मिसळतो आणि उतार कमी होतो. बघणारा माणूस निदान पुढे निघून जातो. बेंजो मास्टर, ताशेवाला, ढोलकीवाला मात्र स्पीकरपासून हातभर अंतरावर रात्र काढतात. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत ठीक. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करायची. १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते. अंतर्कर्णातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि पहिल्यांदा जातात ते वरचे सूर. म्हणजे ज्या सुरांवर या माणसांचं पोट आहे, नेमके तेच. फोमचे इअरप्लग फार महाग नसतात. सुपारी घेताना पार्टीच्या मालकाने ते सगळ्यांना द्यावेत, आणि कर्ण्याचं तोंड वादकांच्या डोक्यावरून पुढे जाईल असं बसवावं. एवढं तरी उद्यापासून करता येईल.

कर्ण्याचा दुसरा उपयोग जुन्या ध्वनिमुद्रणात होता, अगदी उलट दिशेने. १९२५ मध्ये विजेवरचं मुद्रण येईपर्यंत कलाकार कर्ण्याच्या रुंद तोंडासमोर बसून गात-वाजवत. आवाज नळीतून अरुंद टोकाकडे जाई आणि तिथली सुई मेणावर चर कोरी. या यंत्राला खर्ज पकडता येत नसे, हळू आवाज तर मुळीच नाही. व्हायोलिनसारखी वाद्यं त्यात फिकी पडत. बँजो मात्र झकास कोरला जाई, म्हणून व्हेस ऑसमन आणि फ्रेड व्हॅन एप्स यांच्यासारख्या बँजोवादकांची मुद्रणं १८९० च्या दशकापासूनच निघू लागली. ती आजही ऐकता येतात. सांता बार्बरा इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्या काळी मुद्रण कोरलेले हजारो मेणाचे सिलिंडर डिजिटल करून सगळ्यांसाठी खुले केले आहेत. हौशी लोकांनी माळ्यावर जपून ठेवलेले सिलिंडर नसते तर ते घडलं नसतं.

मुद्रण राहून गेलं की काय हरवतं, हे कोल्हापूरला वेगळं सांगायला नको. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. शाहू महाराजांच्या दरबारातले अल्लादिया खाँसाहेब त्यानंतर ४४ वर्षं हयात होते, आणि त्यांचं एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. त्यांची गायकी आपण ऐकतो ती शिष्यांच्या गळ्यातून. त्यातल्या केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेला.

बेंजोवाल्यांची मुद्रणं आज हजारोंनी आहेत, असं कुणी म्हणेल. आहेत, पण मोबाईलवरची, कर्ण्यासमोर उभं राहून घेतलेली. इतक्या मोठ्या आवाजात मोबाईल मुद्रणाची पातळी आपोआप कमी करतो. ताशाच्या प्रत्येक घावासरशी बेंजो दबतो आणि पुन्हा वर येतो. लाटांची डोकी आधी अॅम्प्लिफायरने छाटलेली असतात, ती मोबाईल पुन्हा छाटतो. बोटाचा दाब, ती थरथर, दोन तारांचा हेलकावा, हे त्या फायलीत शोधूनही सापडत नाही. वादकाची सगळी कारागिरी तिथेच गळून जाते, आणि मग लोक म्हणतात की बेंजो म्हणजे नुसता गोंगाट.

नीट मुद्रण करायला स्टुडिओ लागत नाही. सरावाच्या जागी, कर्णा बंद ठेवून, पिकअपची वायर थेट रेकॉर्डरला जोडायची. हा पहिला ट्रॅक. दुसरा ट्रॅक साध्या मायक्रोफोनचा, पेटीपासून दीड-दोन हातांवर, म्हणजे कळांची खटखट आणि लाकडाचा आवाजही येतो. पातळी अशी ठेवायची की सगळ्यात जोरात वाजवलं तरी सूचक पट्टीवर १० डेसिबल जागा उरेल. मग तीच चाल, तोच मास्टर, मिरवणुकीत कर्ण्यासह, पण मायक्रोफोन गाडीपासून दूर, एखाद्या गॅलरीत. फाइलबरोबर पट्टी लिहून ठेवायची, काळी एक की पांढरी चार. तारा किती, कोणत्या जाडीच्या, पिकअप कुठे, आणि वादकांच्या परवानगीने सगळ्यांची नावं, ताशेवाल्यासकट. दोन्ही फायलींचा वर्णपट, म्हणजे कोणत्या कंपनसंख्येचा आवाज किती ते दाखवणारं चित्र, मोबाईलवरच्या फुकट अॅपवरही काढता येतो. त्यातल्या कोणत्या रेषा तारेच्या, कोणत्या अॅम्प्लिफायरच्या आणि कोणत्या कर्ण्याच्या, हे शेजारी शेजारी ठेवून पाहता येईल. लाकडावर बसलेली आपली घोडीही पोलिट्झर म्हणतात तशी थोडी डोलते का, तेही त्याच रेषांत शोधता येईल. शहरातल्या एखाद्या कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या मुलांनी आणि एखाद्या बेंजो पार्टीने मिळून हे काम यंदाचा गणपती बसायच्या आधी हातात घ्यावं.