टूरिंगच्या गाडीवरचं बदललेलं हँडल: पार्श्वभूमी

कोल्हापुरातून गाडीवर लांब निघणाऱ्याला दोन प्रकारचे रस्ते भेटतात. पुण्याकडे तोंड केलं की सरळ महामार्ग. पश्चिमेला वळलं की करूळ, भुईबावडा, आंबा, फोंडा असे घाट. महामार्गावर वारा छातीवर बसतो, तिथे थोडं पुढे झुकलेलं बरं वाटतं. घाटात वेग कमी आणि वळणं दाट, तिथे ताठ बसून रुंद हँडलानं गाडी वळवणं सोपं जातं. एकच हँडल दोन्हीकडे सारखं सोयीचं होत नाही. कंपनीचं हँडल उतरवून दुसरं चढवण्याची चाल या पेचातून आली, आणि हा पेच जगभरच्या गाडीवाल्यांना पडलेला आहे.

सुरुवातीच्या मोटरसायकली म्हणजे इंजिन बसवलेल्या सायकलीच होत्या, त्यामुळे हँडलही सायकलसारखं मागे ओढलेलं असे. पुढे वाटा फुटल्या. १९५०-६०च्या दशकांत इंग्लंडमधल्या तरुणांनी शर्यतीच्या गाड्या बघून आपली हँडलं खाली नेली. लंडनच्या एस कॅफेबाहेर उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर आखूड, खाली झुकलेली हँडलं किंवा थेट फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या, नळ्यांना आवळलेली ‘क्लिप-ऑन’ दिसायची. अमेरिकेत त्याच काळात उलटं चाललं होतं. तिथल्या चॉपरवाल्यांची, म्हणजे गाड्या कापून-जोडून हव्या तशा बनवणाऱ्यांची, हँडलं खांद्यापर्यंत आणि त्याच्याही वर गेली.

रस्ता बदलला की हँडल बदलतं याचा मला सर्वांत बोलका पुरावा वाटतो तो खुद्द कंपन्यांच्या वागण्याचा. ट्रायम्फ बॉनेव्हिल ही एकच गाडी इंग्लंडमध्ये बुटक्या हँडलाची आणि अमेरिकेत उंच हँडलाची विकली जाई. बीएमडब्ल्यूनेही युरोपसाठी आणि अमेरिकेसाठी वेगळी हँडलं ठेवली होती. हा नुसता फॅशनचा फरक नव्हता. पुढे झुकून बसलं की अंगाचा बराच भार मनगटांवर येतो. वेग वाढला की समोरचा वारा छातीला टेकू देतो आणि मनगटं मोकळी होतात. जर्मन महामार्गावर तो टेकू मिळत होता. अमेरिकेत १९७४ साली इंधनटंचाईमुळे देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे साधारण ८८ किलोमीटरची मर्यादा आली. त्या वेगात वारा फारसा टेकू देत नाही, मग सरळ रस्त्यावर दिवसभर चालायचं तर हँडल वर आणि मागे हवं. आपल्याकडे टूरिंगचा खरा वेग त्याच्याच आसपास असतो. म्हणून आपल्या लोकांना बुटकी, पुढची हँडलं दोन तासांत नकोशी होतात.

वेगळी विकत मिळणारी हँडलं ही यातूनच उभी राहिलेली बाजारपेठ. जर्मनीतल्या उराखची मागुरा हे त्यातलं जुनं नाव. इंग्लंडमध्ये १९६९ साली रेन्थल सुरू झाली. ट्रायल्सच्या, म्हणजे खडकाळ वाटेवर तोल सांभाळण्याच्या स्पर्धेच्या, गाड्यांना हलकं ॲल्युमिनियमचं हँडल हवं, एवढ्याच गरजेतून. मातीतल्या शर्यतींसाठी हँडलाला मधोमध आडवी दांडी आली, पडल्यावर ते घडी होऊ नये म्हणून. पुढे मधे जाड आणि टोकांकडे निमुळतं होत जाणारं हँडल आलं: क्लॅम्पपाशी, म्हणजे गाडीला आवळतात तिथे, २८.६ मिलिमीटर, मुठीपाशी नेहमीचं २२. मातीतल्या गाड्यांची ही दोन्ही वैशिष्ट्यं आज ॲडव्हेंचर टूरिंगच्या गाड्यांवर आलेली आहेत. हार्लेवाल्यांची मूठ मात्र एक इंचाची, २५.४ मिलिमीटर. हँडल मागवताना आधी हे माप बघायचं, उंची-रुंदी नंतर.

आपल्याकडची गोष्ट वेगळी घडली. १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि इंग्लंडमधल्या रेडिचची बुलेट इथे जुळू लागली. म्हैसूरला जावा आणि नंतर येझदी, शिवाय एस्कॉर्ट्सची राजदूत. मोटरसायकल घ्यायची तर कित्येक वर्षं निवड मुख्यतः एवढ्यातच. १९९१ पूर्वी परदेशी सुटे भाग मागवणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होतं. वेगळं हँडल हवं तर ते इथेच वाकवून घ्यायचं.

आणि वाकवून देणारा हात कोल्हापुरात शोधावा लागत नव्हता. शिवाजी उद्यमनगर शेतीची इंजिनं, त्यांचे सुटे भाग आणि ओतकाम यांवर वाढलं. लेथ, ड्रिल, वेल्डिंग, काटेकोर माप घेणारा टर्नर हे सगळं चार गल्ल्यांत. पाइप वाकवायची जुनी रीत कोणत्याही अनुभवी मेस्त्रीला ठाऊक असते: आत कोरडी वाळू ठासून भरायची, तोंडं बंद करायची, वाकाच्या जागी ताव द्यायचा आणि मग ओढायचं. वाळू नसेल तर पाइप आतल्या बाजूला चेपतो आणि तिथेच पुढे चीर जाते. या कामाकडे ‘जुगाड’ म्हणून बघणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही. धातूची समज असल्याशिवाय हे होत नाही.

१९९४ साली एनफिल्ड आयशरकडे गेली. २००२ मध्ये थंडरबर्ड आली, मागे ओढलेल्या उंच हँडलाची. २००९ मध्ये क्लासिक, २०१६ मध्ये हिमालयन, २०१८ मध्ये इंटरसेप्टर ६५०. महामार्ग चौपदरी झाले होते, लेह-लडाखची ओढ लागली होती, आणि आता कंपन्या स्वतःच ‘टूरिंग हँडल’ ॲक्सेसरी म्हणून विकू लागल्या. उद्यमनगरात वाकवून घ्यायची वस्तू खोक्यात बंद होऊन घरी येऊ लागली.

त्यासोबत आले रायझर, म्हणजे हँडल न बदलता त्याला वर उचलणारे ठोकळे. स्वस्तातले रायझर पुष्कळदा ओतलेले असतात. ओतीव तुकड्यात आत ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी, राहिलं तर ते बाहेरून दिसत नाही आणि तुकडा वाकून सूचना न देता एकदम तुटतो. हे फाउंड्रीच्या गावाला समजावून सांगायला नको. अखंड ठोकळ्यातून लेथ-मिलिंगवर काढलेला रायझर महाग पडतो, पण पुढचं चाक ज्याच्या भरवशावर वळवायचं त्या वस्तूत पैसे वाचवू नयेत.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. आरसी बुकात हँडलाची नोंद नसते, आणि कारवाईचा रोख बहुतेक वेळा सायलेन्सरवर असतो. तरी कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेलं हँडल लावणं आणि डोक्याएवढं उंच हँडल लावणं यांत फरक आहे, आणि तो तपासणीला उभ्या राहिलेल्या पोलिसालाही कळतो.

खरा बदल मात्र हँडलावरून काय लोंबतं यात झाला. जुन्या बुलेटवर क्लचची वायर, ॲक्सिलरेटरची वायर, पुढच्या ड्रम ब्रेकची वायर आणि हॉर्न-दिव्याच्या काही तारा, जवळजवळ एवढाच संसार. हँडल दोन इंच वर गेलं तर वायरी लांब करून घ्यायच्या. इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवायचं. आवाज चढला तर ॲक्सिलरेटरची वायर ताणली जाते आहे असं समजायचं. ही परीक्षा आजही पहिली करावी.

डिस्क ब्रेक सर्रास झाल्यावर वायरीच्या जागी ऑइलची नळी आली. ती ओढून लांब होत नाही. जुनी सोडवून लांब नळी घालावी लागते आणि मग सगळी हवा काढावी लागते. हँडलाचा कोन बदलला की ऑइलची डबी तिरकी होते, तीही सरळ करून घ्यावी लागते. स्विचच्या पेटीच्या आतल्या खिळीसाठी नव्या हँडलात भोक पाडायचं असतं. ते चुकीच्या जागी पडलं तर बटणं अंगठ्याला लागत नाहीत, आणि दुसरं भोक पाडावं तर पाइप कमजोर होतो.

१ एप्रिल २०१८ पासून १२५ सीसीवरच्या नव्या मॉडेलांना आणि एक वर्षानं १२५ सीसीवरच्या सगळ्याच मॉडेलांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीची झाली. आता ऑइल एबीएसच्या पेटीतून फिरून चाकाकडे जातं. त्या पेटीत हवा अडकली तर काही गाड्यांत ती हातानं पंप मारून निघत नाही, कंपनीचं यंत्र जोडून आतला पंप चालवावा लागतो. ॲक्सिलरेटरची वायर जाऊन सेन्सर आलेल्या गाड्यांवर तर तारांच्या जुडग्याची लांबी हीच हँडलाच्या उंचीची मर्यादा ठरते. त्यामुळे कोल्हापुरात आज या कामाची सरळ वाटणी झाली आहे: हँडल, रायझर, भोक आणि फिटिंग उद्यमनगरात, आणि नळ्या बदलल्या असतील तर ब्रेकची हवा काढायला गाडी सर्व्हिस सेंटरला.