लाच वेगळी, बक्षीस वेगळं

ठरलेलं काम केलं की ठरलेली गोष्ट मिळते, ते बक्षीस. एवढं सगळ्यांना माहितीये. मुलांच्या बाबतीत घोळ लाच ओळखताना होतो. एकजण साध्या स्टिकरलाही लाच म्हणून नाक मुरडतो, आणि दुसरा किंचाळणाऱ्या पोराच्या हातात मोबाईल कोंबून वर 'आम्ही बाबा पॉझिटिव्ह पॅरेंटिंगवाले' असं सांगतो. मला दुसऱ्याचा जास्त राग येतो.

वस्तू कुठली, महाग की स्वस्त, हे सोडून द्या. सौदा कधी ठरला आणि विषय कोणी काढला तेवढं बघा. 'खेळणी आवरलीस की दहा मिनिटं कार्टून' हे मी सगळं शांत असताना बोलले तर बक्षीस, आणि पोरगी जमिनीवर लोळून पाय आपटत असताना हेच वाक्य शब्दन् शब्द बोलले तर लाच, कारण तेव्हा आवरण्याचे नाही, लोळण्याचे पैसे मोजले जातात. मी हे केलंय. फोन चालू होता म्हणून 'बरं बाई, लाव कार्टून' म्हणून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी बाईसाहेब परत जमिनीवर, आणि रडता रडता कोपराखालून एक डोळा उघडून माझ्याकडे बघतायत, की ही कितपत वितळली!

त्यात आपण पाचदा नाही म्हणतो आणि सहाव्यांदा देतो, हे तर रोज देण्यापेक्षा वाईट. अधूनमधून फळ मिळालं की सवय जास्त चिवट होते हे स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने उंदीर-कबुतरांवर कधीच दाखवून दिलंय, आणि आपलं पोर काही कबुतरापेक्षा कमी हुशार नाही. बरं, देणं बंद केलं की रडणं बऱ्याचदा आधी वाढतं, मग उतरतं. बरेचजण नेमके वाढलेलं असतानाच हात टेकतात आणि 'ट्राय केलं, आमच्याकडे नाही चालत' म्हणतात.

बक्षीसही कुठेही वाटायचं नसतं हां. १९७३ साली एक अभ्यास आला होता, त्यात चित्रं काढायची मुळात आवड असलेल्या लहान मुलांना आधीच सर्टिफिकेट कबूल केलं तर नंतर ती आपणहून चित्रं काढायला कमी बसली, अचानक मिळालेल्यांचं तसं झालं नाही. म्हणून पोर आवडीने पुस्तक घेऊन बसलंय तर तिथे स्टिकर काढूच नका, दात घासायच्या वेळेला ठेवा.